रेझिनच्या किटला गोंद कुठला? माझा अनुभव

विमानांच्या छोट्या प्रतिकृतींची प्लास्टिकची किट्स जोडणाऱ्यांच्या टेबलावर टॅमिया कंपनीच्या गोंदाची हिरव्या झाकणाची बाटली असतेच. माझ्याही असते. पण रेझिनचं किट हातात आलं की ती बाजूला ठेवायची. तो मुळात गोंद नव्हेच, द्रावक आहे. नेहमीच्या किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात विरघळतं, दोन्ही कडा एकमेकींत मुरतात आणि वाळल्यावर एकच तुकडा होतो. रेझिन म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेन. ते एकदा घट्ट झालं की या द्रावकाला दाद देत नाही. कडा ओल्या होतात, वाळतात आणि सुट्याच राहतात.

माझं किट होतं एचएफ-24 मरुतचं, 1/72 मापाचं. भारतात आराखडा होऊन बनलेलं हे पहिलं लढाऊ जेट. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या देखरेखीखाली घडलं, 17 जून 1961 ला पहिल्यांदा उडालं, 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढलं. खरं विमान जवळपास 16 मीटर लांब, म्हणजे या मापात वीतभर. असल्या विमानांसाठी महागडा पोलादी साचा पाडणं मोठ्या कंपन्यांना सहसा परवडत नाही. मग कुणीतरी हौशी माणूस सिलिकॉनच्या साच्यात थोडे नग ओततो, साचा फाटला की संपलं. त्यामुळे खोक्यात रेझिनचे भाग, चाकांचे पाय पांढऱ्या धातूचे आणि वैमानिकाच्या डोक्यावरची काच पातळ प्लास्टिकची. एका विमानात तीन पदार्थ. एकाच गोंदावर भागणार नाही हे खोकं उघडल्यावरच कळलं.

गोंदाआधी धुणं आलं. भाग साच्यातून सुटावेत म्हणून आत तेलकट थर मारलेला असतो आणि तो भागांवर उतरतो. त्यावर ना गोंद धरत, ना रंग. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना टूथब्रश. पाणी कढत नको, पातळ पंख वाकतात. (वाकून आलेला पंख मात्र कढत पाण्यानेच सरळ होतो. बुडवायचा, हाताने सरळ करायचा, लगेच गार पाण्यात धरायचा.)

ओतताना भागांना चिकटून राहिलेले ठोकळे कापायला हार्डवेअरच्या दुकानातलं पातं जाड पडतं. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर ओळखीच्या कारागिराकडे सोनारकामाची बारीक करवत मागितली. "काय कापताय ओ ह्यानं?" म्हणाले. विमान म्हटल्यावर हसले, पण दोन पाती जास्तीची दिली. रेझिनची भुकटी छातीत जाऊ देऊ नये, म्हणून कापताना मास्क आणि घासताना पाणी पेपर (पाण्यात चालणारा सँडपेपर) ओला करूनच.

सांध्यांचं खरं शिक्षण मात्र मिळालं मिरजेत. आत्याचा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून सूर मोकळा करून घ्यायला, सतारमेकर गल्लीत दिला होता, तो आणायला गेलो तेव्हा खिशात पंख होता. तिथल्या काकांना दाखवला. त्यांनी पंख विमानाच्या अंगाला नुसता टेकवला, खिडकीकडे धरला आणि मधून येणारा उजेड मला दाखवला. "आधी हा उजेड बंद करा. फट भरायचं काम गोंदाचं नाही." घरी येऊन काचेच्या तुकड्यावर पाणी पेपर पसरला आणि पंखाची कड त्यावर सपाट धरून घासली. उजेड बंद व्हायला संध्याकाळ गेली, पण गुळगुळीत कड खरखरीत झाली आणि गोंदाला धरायला जागा मिळाली.

अंगाचे दोन अर्धे भाग फेविक्विकने जोडले. कोरडेच दाबून धरायचे आणि फटीला सुईच्या टोकाने थेंब लावायचा. पातळ गोंद आपोआप आत ओढला जातो. थर जितका पातळ तितका सांधा पक्का. हा गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे घट्ट होतो, म्हणून जाड थेंब आतून बराच वेळ ओला राहतो. उरलीसुरली भेग खाण्याचा सोडा भुरभुरून वर थेंब टाकला की क्षणात भरते, पण ती लगेच घासून घ्यावी, दुसऱ्या दिवशी दगड होते. पुसायला टिश्यू पेपरच घ्यावा. सुती कापडावर किंवा कापसावर हा गोंद सांडला तर इतका तापतो की चटका बसतो. बोटं चिकटली तर ॲसिटोन.

अर्धे भाग मिटण्याआधी नाकात शिसं भरावं लागतं, नाहीतर मरुत शेपटीवर बसतं. ते शिसं फेविकॉलमध्ये बसवायचं नाही. पांढऱ्या गोंदातल्या आम्लाने शिसं गंजून फुगतं आणि काही वर्षांनी नाक फुटतं. तिथे ॲराल्डाइट, म्हणजे दोन नळ्यांतलं कालवून लावायचा इपॉक्सी गोंद.

पंखांनाही ॲराल्डाइटच, आणि तेही सावकाश वाळणारं. फेविक्विकचा सांधा सरळ ओढला तर दाद देत नाही, पण ठोकर लागली की काडकन सुटतो. शिवाय पंख पुढून सारखे दिसेपर्यंत हलवायला वेळ हवा, तो फेविक्विक देत नाही. आत पितळी तारेचे खिळे घातले. भोकं समोरासमोर यावीत म्हणून एका बाजूला रंगाचा ठिपका दिला आणि दुसरी बाजू त्यावर टेकवली, छाप आला तिथे हँड ड्रिल. तार 0.8 मिलिमीटरची, भोक 1 मिलिमीटरचं. एवढी ढील हवीच, नाहीतर पंख एकदा वाकडा बसला की वाकडाच. दोन्ही नळ्यांतून सारख्या लांबीच्या रेघा काढून नीट कालवल्या आणि पंखांखाली कॅरमच्या सोंगट्या रचून रात्रभर हात लावला नाही. धातूचे पायही असेच बसवले. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकारही मिळतो, पण वजन पेलणाऱ्या सांध्याला मी तो वापरत नाही.

काचेजवळ फेविक्विक आणायचंच नाही. त्याची वाफ बोटांच्या तेलकट डागांवर बसून पांढरी होते. पोलिस गुन्ह्याच्या जागचे ठसे याच वाफेने उठवतात. काच मी फेविकॉलने बसवली. पकड बेताची, पण वाळल्यावर पारदर्शक आणि चुकलं तर ओल्या फडक्याने निघतं. काचेला पेलायचं तरी काय असतं?

गंमत म्हणजे सायनोॲक्रिलेट 1942 मध्ये कोडॅकच्या हॅरी कूव्हरला सापडलं ते बंदुकीच्या नेमाची पारदर्शक काच करायच्या खटपटीत. सगळ्यालाच चिकटतं म्हणून तेव्हा सोडून दिलं, 1958 मध्ये गोंद म्हणून बाजारात आलं.

बारीक अँटेनांना याच गोंदाचा जेलवाला प्रकार बरा, ओघळत नाही. आणि महागड्या मोठ्या बाटलीपेक्षा मला 5 रुपयांची छोटी नळीच आवडते, दर वेळी ताजी फोडायची. न फोडलेल्या नळ्या हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतो. बाहेर काढल्यावर मात्र डबा खोलीइतका कोमट होऊ द्यायचा, मगच उघडायचा. नाहीतर नळीला दव धरतं आणि गोंद तोंडाशीच बसतो. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या मागची जागा त्या डब्याला मिळवताना घरात पुष्कळ बोलणी खावी लागली.