ग्रेन, ड्रॅम, औंस : वहीतलं अडलेलं पान सुटलं

मागच्या खेपेला क्विनाइनच्या मिक्स्चरपाशी गाडी अडली होती. ते पान एकदाचं सुटलं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : आजोबांच्या सेलूच्या दवाखान्यातली ही वही, फसली (निजामाच्या राज्यातलं साल) १३५२ ची, म्हणजे १९४२-४३ ची. तिच्यातली जुनी मापं मी ग्रॅम-मिलिलिटरच्या तक्त्यात उतरवतोय. तारखा उर्दूत, औषधं लॅटिन-इंग्रजीत आणि उधारी मोडीत. उधारी सगळ्यात सुवाच्य आहे.

पान असं. एका डोसाला हिवतापावरचं क्विनाइन सल्फेट ५ ग्रेन, पातळ गंधकाम्ल ५ मिनिम (द्रवाचं थेंबाएवढं माप), मॅगसल्फ म्हणजे जुलाबाचं मीठ १ ड्रॅम, पाणी घालून १ औंस. असे सहा डोस, दिवसातून तीनदा. गंधकाम्ल कशाला, तर क्विनाइन सल्फेट नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आम्ल पडलं की विरघळतं.

पहिला घोळ माझ्या डोळ्यांचा. ड्रॅमची खूण इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी असते आणि औंसाच्या खुणेला डोक्यावर आणखी एक वळण. शाई फुटलेली, त्यामुळं मी ड्रॅमला औंस वाचलं आणि माझ्या तक्त्यानं एका डोसात ३१ ग्रॅम मॅगसल्फ दाखवलं! दिवसाला तीन डोस घेतले असते तर पेशंट हिवतापानं नाही, जुलाबानं गेला असता. ड्रॅम धरला की ६० ग्रेन, ३.९ ग्रॅम. हे पटतं.

ग्रेनचा त्रास नाही. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, ५ ग्रेन म्हणजे ३२४. कुणी ६५ धरतं, कुणी सोयीसाठी ६०. म्हणून अ‍ॅस्पिरिनची ५ ग्रेनची गोळी कुठं ३२५ ची, कुठं ३०० ची. तापाला आपल्याकडं घरोघर असते ती पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी? १० ग्रेन.

खरा अडथळा औंसाचा. माझ्या तक्त्यात २९.५७ मिलिलिटर होतं, सहा डोसांचे १७७. पण आजोबांच्या जुन्या बाटलीत तेवढं पाणी मावेना, गळ्यापर्यंत यायला लागलं. गल्लीतल्या कंपाउंडर मामांना दाखवलं. मामा ऐंशीच्या पुढचे, किलो-लिटरचा कायदा १९५६ सालीच झाला तरी त्यांच्या डॉक्टरांनी पुढं कित्येक वर्षं औंसच लिहिले म्हणतात.

“आकडे काय घेऊन बसलास? पट्टी बघ, पट्टी,” मामा म्हणाले.

बाटलीवर डिंकानं चिकटवलेली, खाचा पाडलेली कागदी पट्टी. प्रत्येक खाच एक डोस. मामा सांगतात, औषध भरून झाल्यावर त्या उंचीएवढा कागद घ्यायचा, घड्या घालायच्या, कात्री मारायची. शेजारची लेकरं उरलेल्या कागदाच्या होड्या करायची. मी वरच्या खाचेपर्यंत पाणी भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. बाटलीचं वजन वजा जाता १७१ ग्रॅम. भागिले सहा, २८.५. म्हणजे इंग्रजी औंस, २८.४१ मिलिलिटरचा. माझा तक्ता अमेरिकन होता, आणि निजामाच्या मुलखात अमेरिकन औंस कुठून येणार! मिनिमही मग ०.०५९२ मिलिलिटरचा धरायचा. ५ मिनिम म्हणजे साधारण ०.३.

एवढ्यावर सुटका नाही. पुढच्या पानावर खायचा सोडा ‘१ औंस’ आहे, आणि तो तोलायचा औंस. आठ ड्रॅमचा औंस हे पाठ केलेलं द्रवाला चालतं. तोलताना आठ ड्रॅम म्हणजे ४८० ग्रेन, ३१.१ ग्रॅम, पण ब्रिटिश फार्माकोपियानं (औषधांच्या सरकारमान्य ग्रंथानं) १८६४ मध्येच ४३७.५ ग्रेनचा, २८.३५ ग्रॅमचा औंस घेतलेला. मी ४३७.५ धरलाय. पितळी वजनांची पेटी कुणाकडं असेल तर औंसाचं वजन तोलून आकडा कळवा.

(हे सगळं जुनं पान वाचण्यापुरतं. असलं मिक्स्चर घरी करून कुणी पिऊ नये.)

आता समासातली नोंद : ‘२ गुंजा’. कुणा वैद्याचं भस्म असावं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा आणि इंग्रजी तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे गुंज १.८७५ ग्रेन, १२१.५ मिलिग्रॅम. पण तोळा म्हणून आजोबा पारड्यात रुपया टाकायचे असं आजी सांगायची, आणि तो हाली सिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, चारमिनारवाला. घरात तीन निघाले. तिन्ही ११.१ ते ११.२ ग्रॅमच्या आसपास. इंग्रजी तोळा ११.६६. हाली रुपयाच्या हिशेबानं गुंज ११६ मिलिग्रॅमवर येते. शेतातल्या वेलीच्या १०० गुंजा मोजून तोलल्या, तर भरल्या १०.९ ग्रॅम. तीन गुंजा, तीन वजनं. समासाचा रकाना सध्या रिकामाच ठेवलाय.