अष्टमीची पाहणी

खाडीकाठची तिवरं वाळल्याच्या आमच्या अर्जावर पाहणीचं पत्र हातात पडल्यावर मी आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. त्या तारखेला अष्टमी. वेळ दुपारी बाराची.

भरतीचा हिशेब इथल्या कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला सुकती, पूर्ण ओहोटी. शिवाय अष्टमीचा भांग, पाणी मुळात वर चढतच नाही. खाडीचं पाणी कुठवर येतं हे बघायला सरकारी साहेब नेमके तेव्हा येणार होते. तारीख बदलून मागायला फोन केला, तर उत्तर मिळालं, ‘‘मॅडम, साहेब तेवढेच मोकळे आहेत.’’

जागा ऐरोली-घणसोलीच्या पट्ट्यातली. खाडीकाठच्या रस्त्याखाली पाणी आरपार जायला एक मोरी आहे आणि तिचं खाडीकडचं तोंड कुणीतरी डेब्रिज ओतून बुजवलंय. आतल्या बाजूची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, वाळून गेली. कुऱ्हाडीचा एक घाव दिसणार नाही. पाणी तोडलं की काम होतं, आणि पुढे तोच तुकडा कागदावर ‘पडीक, कोरडी जमीन’ म्हणून येतो. 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, तेव्हापासून फ्लेमिंगो बघायच्या फेरीला आमच्या ग्रुपवर झुंबड उडते. मोरीच्या पाहणीला मात्र आम्ही तिघं.

पाणी नसताना इथं पाणी येत होतं हे दाखवायचं कसं? आधी सगळ्यांना खाडीकडच्या जिवंत तिवरापाशी नेलं. हे झाड अंगातलं जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, पानावर बारीक पांढरे कण दिसतात. सोबत आलेल्या तरुण सर्वेअरनं एक पान जिभेला लावलं आणि हसला. मग रस्ता ओलांडून आत. तिथं पानंच नाहीत, पण चिखलातून वर आलेली श्वासमुळं तशीच उभी, पेन्सिलीएवढी, सगळीकडे, बोट लावलं की कटकन मोडणारी. पडीक जमिनीत ही उगवत नाहीत. पोरानं बुटाच्या टाचेनं वीतभर उकरलं. वरचा पापुद्रा तेवढा सुकलेला, खाली काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं गाडीकडे बघितलं. साहेब आत एसी लावून पंचनाम्याचा मजकूर सांगत होते.

पहिलंच वाक्य, ‘पाहणीवेळी सदर जागेवर भरतीचे पाणी आढळून आले नाही.’ यात खोटं काहीच नाही, मग खोडायचं काय? बरीच हुज्जत घातल्यावर एक ओळ वाढली, ‘मोरीच्या खाडीकडील बाजूस हिरवी झाडे आहेत.’ आतल्या वाळलेल्यांचं नाव नाही. मी सहीच्या वर पेनानं लिहिलं, ‘अष्टमी, दु. 12, पूर्ण ओहोटी. मोरी बुजलेली.’ साहेबांनी वाचलं, बोलले काही नाहीत. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, सहीच करायला नको होती. मला वाटतं, सही नसती तर ‘अर्जदार गैरहजर’ लिहून ते मोकळे झाले असते. यावर आमचं अजून जुळलेलं नाही.

मोरी मोकळी करायला जेसीबीचं तासाभराचं काम आहे. पण खारफुटीत परवानगीशिवाय यंत्र घातलं तर पहिला गुन्हा आमच्यावरच पडेल, डेब्रिजवाल्यावर नाही. उच्च न्यायालयाच्या 2018च्या निकालात उद्ध्वस्त झालेली खारफुटी पुन्हा उभी करायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. ते पान मी अर्जाला जोडलं होतं. त्याबद्दल चकार शब्द नाही.

आता पौर्णिमेची फेरपाहणी मागितलीय, अर्जात तिथी आणि भरतीची वेळ घालून. मोरी बुजलेली आहे तोवर पौर्णिमेलाही आत थेंब येणार नाही. पाणी दिसेल ते खाडीकडे, डेब्रिजला टेकून अडलेलं. एकीकडे पाणी आणि दुसरीकडे भेगा, हे बघायचं तर रस्त्याच्या मधोमध उभं राहावं लागतं. म्हणून अर्जाच्या शेवटी एक विनंती जास्तीची घातली: पाहणी पायी व्हावी.