पाटणादेवीचा बांबू

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि सगळ्यात आधी आठवले ते गणिताचे सर. शाळेत शिक्षक पुष्कळ होते, पण आमच्या तुकडीला नुसतं ‘सर’ म्हटलं की तेच. बाकी सगळ्यांची क्षमा मागून मी आज त्यांच्याबद्दलच लिहिणार आहे, आणि तेही चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिबिराबद्दल.

१९८२ साल. नववीची सहामाही नुकतीच आटोपली होती. तिथलं गौताळा औट्रमघाट अभयारण्य जाहीर व्हायला अजून चार वर्षं होती. वळकट्या एसटीच्या टपावर टाकून निघालो आणि पोहोचताच राहुट्या ठोकल्या. पहिल्या दिवशी धवलतीर्थाच्या धबधब्याखाली ओठ निळे पडेपर्यंत भिजलो. दुसऱ्या दिवशी डोंगर चढून पितळखोऱ्याची लेणी. दगडी हत्तींच्या रांगेपुढे आमचा गलका चालला होता. सर मात्र पाच फण्यांच्या नागापाशी उभे. वरचं पाणी कातळातल्या पन्हळीतून थेट त्या फण्यांतून बाहेर पडावं, अशी ती सोय. “दोन हजार वर्षं झाली रे,” एवढंच म्हणाले आणि फण्याच्या भोकात बोट घालून बघत राहिले.

संध्याकाळी गोवऱ्यांच्या आरावर बट्ट्या भाजता भाजता त्यांनी पाटणादेवीच्या देवळातल्या शिलालेखाची गोष्ट सांगितली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ‘लीलावती’सारखे गणिताचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला होता. “म्हणजे आज तुम्ही लीलावतीच्या शाळेत झोपणार,” सर म्हणाले.

रात्री परतीच्या पावसाने झोडपलं. पहाटे पाहतो तर ध्वजाचा बांबू मधेच मोडून वाकलेला, शेंडा जमिनीला टेकलेला. बांबू मी रोवला होता, त्यामुळे पोटात गोळा आला. सर आले, बघितलं आणि म्हणाले, “हे तर लीलावतीतलं उदाहरण! किती हातांचा होता?”

“आठ, सर. मीच मोजून कापला.”

बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचं अंतर कोपर टेकवत टेकवत मोजलं, बरोबर ४ हात. लीलावतीतल्या रीतीने चिखलात काटकीने मांडलं. ४ चा वर्ग १६, त्याला ८ ने भागून २, ८ मधून २ गेले ६, त्याचं अर्धं ३. बांबू ३ हातांवर मोडलेला असणार. प्रत्यक्ष मोजला तर २ हात १६ बोटं! हात २४ बोटांचा, म्हणजे ८ बोटं कमी. पुन्हा मोजलं, तेच.

सर ओल्या सतरंजीवर मांडी घालून बसले होते. उत्तर त्यांना दिसलं असणार, पण सांगितलं नाही. मुलं चहाला गेली, मी तिथेच. मग बुंध्याशी लागलेल्या चिखलाकडे लक्ष गेलं. “सर, अर्धा हात जमिनीत आहे!” साडेसात हात धरून पुन्हा मांडलं, तर २ हात १६ बोटं. सरांनी पाठीवर थाप मारली. त्यांच्या हाताचा चिखल सदऱ्यावर उमटला. तो सदरा आईला मी बरेच दिवस धुऊ दिला नाही.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो. खानदेशातल्या नद्यांवरच्या लहानमोठ्या १४ पुलांच्या कामावर होतो. नकाशा समोर आला की आजही माझी नजर आधी पायाकडे जाते. हाताखालच्या मुलांनाही मी हेच विचारतो, “जमिनीत किती आहे?”

हल्ली सहली वॉटर पार्कला जातात म्हणे. सकाळी बस, संध्याकाळी घरी. ऐकून वाईट वाटतं. आपल्या गावापासून इतक्या जवळ धबधबे आहेत, लेणी आहेत आणि खुद्द भास्कराचार्यांच्या नातवाचा मठ होता, तिथे आपल्या शाळेची मुलं जात नाहीत!

मुख्याध्यापकांना या लेखातूनच विनंती करतो. येत्या ऑक्टोबरात नववीच्या मुलांना एक दिवस माझ्याबरोबर पाटणादेवीला पाठवा. वनखात्याची परवानगी मी काढतो, गाडीचा आणि वरण-बट्टीचा खर्च माझा. आठ हाती बांबूही मीच घेऊन येईन.