अधूनमधून एडिटिंग करणाऱ्यांनी सॉफ्टवेअर कसे निवडावे

व्हिडिओ एडिटिंगसाठी सोपे सॉफ्टवेअर कोणते, असे मला बरेच जण विचारतात आणि त्या सर्वांमध्ये एक गोष्ट समान असते, ती म्हणजे त्यांचे हे काम रोजचे नसते. कोणी रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडींवर, म्हणजे रंग खेळण्याच्या जुन्या हौदांवर, चित्रीकरण करतो, कोणी हरिहर किंवा अंजनेरी चढून आल्यावर बरोबरच्या मंडळींसाठी दहा मिनिटांची फिल्म करतो, कोणी हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला जाऊन पक्षी टिपतो, आणि त्यानंतर कित्येक महिने एडिटिंगचा प्रोग्रॅम उघडतही नाही. निवड करताना या मधल्या खंडाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. रोज एडिटिंग करणाऱ्याचे हात सवयीने चालतात. हौशी माणसाला प्रत्येक वेळी निम्मे विसरूनच सुरुवात करावी लागते. म्हणून चार महिन्यांनी उघडल्यावरही ज्याची बटणे जागच्या जागी असतील, जे वापरले नाही त्या महिन्यांचे पैसे मागणार नाही आणि ज्यात जुने काम पुन्हा उघडेल, तेच सॉफ्टवेअर आपल्या कामाचे. शेकडो इफेक्ट आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यानंतरचा.

विंडोज मूव्ही मेकरचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. २००० साली विंडोज मी या आवृत्तीबरोबर तो आला आणि घरोघरी वाढदिवसाच्या फिल्म त्यावर तयार झाल्या. पण १० जानेवारी २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने तो देणे बंद केले. ज्यांच्याकडे त्यात अर्धवट राहिलेली कामे होती, त्यांना ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेता आली नाहीत, आणि पुढे त्याच नावाने पैसे उकळणारे बनावट प्रोग्रॅमही इंटरनेटवर फिरले. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरचीही कायमची खात्री राहिलेली नाही. अडोबीचे प्रीमियर एलिमेंट्स हौशी लोकांसाठीच बनवलेले आहे आणि पूर्वी ते एकदा विकत घेतले की कायमचे आपले होत असे. २०२५च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना तीन वर्षांचा झाला आहे. वर्षातून चार फिल्म करणाऱ्याने दर महिन्याची किंवा मुदतीची वर्गणी भरू नये, असे मी स्पष्टपणे सांगते, कारण आज त्याच तोडीचे मोफत पर्याय उपलब्ध आहेत.

एक-दोन मिनिटांचेच व्हिडिओ करायचे असतील, तर संगणकाची गरजही नाही. फोनवरची अ‍ॅप त्यासाठी पुरेशी आहेत. फक्त वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर कंपनीचा शिक्का, येतो का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. काइनमास्टरच्या मोफत आवृत्तीत तो येतो. संगणकावरच्या फिल्मोराच्या चाचणी आवृत्तीत तर सगळे काम करू दिले जाते आणि एक्स्पोर्ट करतेवेळी, म्हणजे तयार फिल्मची फाइल काढताना, चित्रावर शिक्का उमटतो. परदेशी लेखांत कॅपकटची शिफारस वारंवार दिसते, पण त्या अ‍ॅपवर आपल्याकडे बंदी आहे. २९ जून २०२० रोजी ज्या ५९ अ‍ॅपवर भारत सरकारने बंदी घातली, त्यांत व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचे अ‍ॅप होते. ज्यांच्याकडे अ‍ॅपलचा संगणक आहे त्यांनी आयमूव्हीपासून सुरुवात करावी. त्यात मुख्य चित्रावर आणखी एकच चित्र ठेवता येते, परंतु घरगुती फिल्मला बहुतेक वेळा तेवढे पुरते. विंडोज ११ बरोबर येणारे क्लिपचॅम्प १०८०पी, म्हणजे फुल एचडी आकाराचा व्हिडिओ विनामूल्य आणि शिक्क्याविना देते, मात्र त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करावे लागते.

आता जो भाग बहुतेक तुलनांमध्ये येतच नाही आणि ज्यामुळे नवख्या माणसाला सॉफ्टवेअर अवघड वाटू लागते, त्याकडे वळते. आपले चित्रीकरण फोनवरचे असते. फोन जागा वाचवण्यासाठी व्हिडिओ एच.२६५ या पद्धतीने साठवतात, जिला एचईव्हीसी असेही म्हणतात. या पद्धतीत प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतले एकेक स्थिर चित्र, पूर्ण साठवली जात नाही. अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण ठेवून बाकीच्यांमध्ये फक्त बदललेला भाग नोंदवला जातो. त्यामुळे फाइल लहान होते, पण टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, मधल्याच एखाद्या फ्रेमपाशी थांबायचे असेल तर संगणकाला आजूबाजूच्या अनेक फ्रेम उलगडून ती तयार करावी लागते. साध्या लॅपटॉपवर ४केचे चित्र अडखळत चालते ते यामुळेच. यावरचा उपाय म्हणजे प्रॉक्सी: सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी, कमी आकाराची प्रत बनवते, आपण त्या प्रतीवर काम करतो आणि एक्स्पोर्ट करताना मूळ क्लिप वापरली जाते. जुना लॅपटॉप वापरणाऱ्याने प्रॉक्सीची सोय नसलेले सॉफ्टवेअर घेऊच नये.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम ठरलेल्या असतात. फोन मात्र प्रकाश कमी झाला किंवा प्रोसेसर तापला की फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतो. छोट्या क्लिपमध्ये ते कळत नाही. पण गोदाघाटावर संध्याकाळी केलेले अर्ध्या तासाचे सलग चित्रीकरण एडिटिंगमध्ये घेतले की शेवटी शेवटी ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटलेला दिसतो आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो. शॉटकट हा प्रोग्रॅम अशी क्लिप उघडताच तिचा फ्रेमरेट बदलता असल्याचे सांगतो आणि एडिटिंगला सोयीच्या स्वरूपात रूपांतर करायचे का, असे विचारतो. नवख्याला नेमकी अशीच मदत लागते. ज्यात ही सोय नाही अशा प्रोग्रॅमसाठी हँडब्रेक या मोफत साधनाने क्लिप आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये आणून घ्यावी.

तिसरी गोष्ट खास आपल्या भाषेची आहे. सॉफ्टवेअर कितीही नावाजलेले असो, त्याच्या टायटलमध्ये आधी ‘त्र्यंबकेश्वर’ आणि ‘ब्रह्मगिरी’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. पहिल्यात त, र आणि य यांचे जोडाक्षर आहे, दुसऱ्यात ‘ह्म’ आणि ऱ्हस्व वेलांटी. देवनागरी अक्षरांची मांडणी न जमणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरे सुटी होऊन पायमोडके दिसतात आणि ‘गि’ची वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते. प्रीमियर प्रोमध्ये प्रेफरन्सेसच्या मेनूत जाऊन अक्षरांसाठी दक्षिण आशियाई व मध्यपूर्वेकडील लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो आणि तो माहीत नसल्याने मराठी अक्षरे बिघडतात. लग्नाच्या फिल्म करणारे काही स्टुडिओ अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करतात; हौशी माणसाने त्या वाटेला न जाता ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखेच वाचले जाणारे फॉन्ट वापरावेत. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ल आणि श ही अक्षरे आपण शाळेत गिरवली त्या वळणाची आहेत, आणि आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या फिल्मवर ती फार शोभून दिसतात. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये बाकी सगळे आवडले आणि फक्त अक्षरेच बिघडत असतील, तर दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी चित्र म्हणून टायटल तयार करून वरच्या ट्रॅकवर ठेवता येते.

या तिन्ही कसोट्या लावल्यावर साधा विंडोज किंवा लिनक्स लॅपटॉप असलेल्यांना मी शॉटकट सुचवते. तो मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारा प्रोग्रॅम आहे, त्यात वॉटरमार्क नाही, खाते उघडण्याची सक्ती नाही आणि प्रॉक्सीची सोय आहे. फुल एचडी कामासाठी ८ जीबी आणि ४केसाठी १६ जीबी रॅम असावी, अशी त्याच्या निर्मात्यांचीच सूचना आहे. पहिल्यांदा उघडल्यावर खिडकी रिकामी दिसते आणि टाइमलाइन कुठे आहे हे शोधावे लागते, ही त्याची खरी उणीव आहे. मात्र एकदा टाइमलाइन उघडली की एस या कळीने क्लिपचे दोन भाग होतात, एक्स या कळीने नको तो भाग निघून पुढचे चित्र मागे सरकते, आणि एक क्लिप दुसरीवर थोडी सरकवली की दोन्हींमधले संक्रमण आपोआप तयार होते. घरगुती फिल्मचे बहुतेक काम एवढ्यात होते, आणि खंड पडल्यावरही एवढे लक्षात राहते. केडीई समूहाचे केडेनलाइव्हही याच जातीचे आणि टायटलच्या बाबतीत अधिक समृद्ध आहे. ज्यांना शॉटकटची मांडणी रुचत नाही त्यांनी ते जरूर पाहावे.

डाव्हिंची रिझॉल्व्हविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ‘ताई, मोफत आणि सर्वांत भारी तेच आहे ना?’ असे तरुण मुले हटकून विचारतात. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ मध्ये डाव्हिंची सिस्टिम्स ही रंगशोधनासाठी, म्हणजे चित्राचे रंग सुधारण्याच्या कामासाठी, प्रसिद्ध असलेली कंपनी घेतली आणि पुढे त्याच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती उपलब्ध करून दिली. या आवृत्तीत यूएचडीपर्यंत, म्हणजे ३८४० बाय २१६० आकाराचा व्हिडिओ शिक्क्याविना मिळतो आणि रंगांवर इतके नियंत्रण मिळते की पावसाळ्यात पहिने या गावच्या धुक्यात फिकट आलेले डोंगर पुन्हा हिरवे करता येतात. पण त्याला १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक कार्ड हवे, आणि त्याची रचना चित्रपटाच्या वेगवेगळ्या विभागांसाठी असल्याने एडिटिंग, रंग आणि ध्वनी यांची स्वतंत्र पाने आहेत. लिनक्सवरची मोफत आवृत्ती एच.२६५ आणि तिच्या आधीची एच.२६४ या पद्धती वाचत नाही, म्हणजे फोनचे चित्रीकरण थेट उघडत नाही. टाइमलाइनवर क्लिप घेतल्यानंतर प्रकल्पाचा फ्रेमरेट बदलता येत नाही, तेव्हा तो आधीच क्लिपशी जुळवून ठेवावा लागतो. महिन्यातून चार-पाच दिवस तरी एडिटिंगला बसणाऱ्याने आणि तसा संगणक असणाऱ्याने रिझॉल्व्ह अवश्य शिकावे. चार-चार महिन्यांचा खंड पडणाऱ्याला दर वेळी ती सगळी पाने नव्याने ओळखत बसावे लागेल.

काही वेळा एखादी विशिष्ट गरजच निवड ठरवते. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराला ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटून घड दिसू लागेपर्यंतची वाढ एका मिनिटात दाखवायची होती. यासाठी कॅमेरा एकाच जागी बांधून ठरावीक अंतराने छायाचित्रे घ्यावी लागतात आणि ती सर्व मिळून एक क्लिप बनवणारे सॉफ्टवेअर लागते. ओळीने क्रमांक दिलेली छायाचित्रे शॉटकट आणि रिझॉल्व्ह दोन्ही एकच क्लिप म्हणून घेतात. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये निधन पावलेल्या दादासाहेब फाळके यांनी भांडवलदाराचे मन वळवण्यासाठी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी टिपून दाखवली होती. शंभर वर्षांनंतर त्याच मातीतला शेतकरी आपल्या बागेत तेच तंत्र वापरतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

ध्वनीची पट्टी स्पष्ट दाखवणारे सॉफ्टवेअर असावे, हा माझा शेवटचा आग्रह, आणि तो नाशिक ढोलामुळे आहे. मिरवणुकीत पथकाच्या अगदी जवळ उभे राहून घेतलेला आवाज फोनच्या माइकला झेपत नाही. लहरींची टोके कापली जातात आणि फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून पथकापासून बरेच मागे सरून ध्वनी घ्यावा आणि जवळून घेतलेल्या चित्राखाली तोच लावावा. एडिटिंगमध्ये मग पट्टी लाल होत नाही ना, एवढे पाहत आवाज बसवता येतो.

कोणताही प्रोग्रॅम पक्का करण्यापूर्वी फोनवरच्या तीन क्लिप, मराठीतले एक टायटल आणि एक ध्वनी घेऊन मिनिटभराची फिल्म पूर्ण करून पाहावी, आणि ती टीव्हीवर लावून घरच्यांना दाखवावी. एक्स्पोर्ट करताना एमपी४ आणि एच.२६४ निवडावे. यूट्यूबने १०८०पी, ३० फ्रेमच्या व्हिडिओसाठी ८ एमबीपीएस बिटरेट, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट डेटा, सुचवला आहे, म्हणजे मिनिटाला सुमारे ६० एमबी. दहा मिनिटांची फिल्म ६०० एमबीच्या आसपास जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती व्हिडिओ म्हणून पाठवली तर चित्राचा दर्जा उतरतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पोहोचते.

शॉटकटच्या प्रकल्प फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, क्लिप कुठे आहेत याची फक्त नोंद असते. म्हणून मूळ क्लिप, संगीत, फॉन्ट आणि प्रकल्प फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवून ते फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे, आणि ज्या आवृत्तीत काम केले ती शॉटकटची पोर्टेबल आवृत्तीही त्यातच ठेवावी, म्हणजे काही वर्षांनी नवा संगणक आला तरी तीच फिल्म त्याच साधनात उघडता येते. रिझॉल्व्हमध्ये प्रकल्प डेटाबेसमध्ये राहत असल्याने काम संपल्यावर क्लिपसह त्याचा प्रोजेक्ट अर्काइव्ह वेगळा काढून ठेवावा लागतो.