शिकलेल्या गळ्याला न पेलणारं 'आप जैसा कोई'

ऑर्केस्ट्रात मी ऑक्टोपॅड, म्हणजे ड्रमचे आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक पॅड, वाजवतो. डिस्कोचा ठेका म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं आमच्यातलेच ढोलकीवाले म्हणतात. त्यांनी एकदा वाजवून बघावा. प्रत्येक मात्रेला किक (मोठ्या ड्रमचा ठोका), दुसऱ्या-चौथ्याला स्नेअर (छोट्या ड्रमचा कडक ठोका) आणि दोन किकच्या बरोब्बर मध्ये उघडा हायहॅट (जोडझांज), तोही लगेच मिटवायचा. गाणं संपेपर्यंत एवढंच. हात नुसते शिवशिवतात. पण उगाच रोल मारला की नाचणाऱ्याचा पाय अडखळलाच.

गेल्या आठवड्यात निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचा स्नेहमेळावा होता. तिथे 'आप जैसा कोई' होणार हे कुणी सांगायला लागत नाही. १९८० च्या 'कुर्बानी'चं बाकीचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एक गाणं मात्र बिद्दूचं. हा माणूस मूळचा बंगळूरचा, पण नाव काढलं इंग्लंडात. शब्द इंदीवरचे, पडद्यावर झीनत अमान आणि आवाज कराचीत जन्मलेल्या नाझिया हसनचा. वय पंधरा! त्याच गाण्यानं तिला फिल्मफेअर मिळालं.

आमची गायिका शास्त्रीय शिकलेली. लावणीला उभी राहिली की शिट्ट्या थांबत नाहीत. हे गाणंही तिनं सुरात म्हटलं, पण ओळीच्या शेवटी एक मुरकी, ध्रुवपदावर परतताना हरकत, म्हणजे गळ्याची नक्षी आलीच. टाळ्या पडल्या, पण खुर्चीतून कुणी उठलं नाही.

मग दुसऱ्या रांगेतल्या एक बाई पुढे आल्या. "परत घ्या ना, मी म्हणते." आमचा निवेदक दिसेल त्याच्या हातात माइक देतो, त्याला तेवढंच हवं असतं. हौशी माणूस म्हणजे लय पळणार, हे धरून मी कीबोर्डवाल्याला ट्रॅक, म्हणजे मागे वाजणारं तयार संगीत, बंद करायला खुणावलं. बाईंनी स्वतःच्याच पट्टीत सुरुवात केली. त्यानं चाचपडत दोन स्वर खाली पट्टी पकडली. माइक तोंडापासून वीतभर लांब, म्हणून साउंडवाल्यानं आवाज चढवला आणि एकदा कर्णकर्कश शिट्टी वाजली. बाईंना त्याचं काही नाही. बोलल्यासारखं सरळ गात होत्या, ओळ संपली की सूर तिथेच सोडायच्या, डाव्या हाताची बोटं निऱ्यांवर ताल धरून. अंतऱ्यापर्यंत निम्मा हॉल उभा होता.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. या चालीत ओळी आखूड आहेत आणि मधल्या जागा ठेक्याच्या आहेत. त्या जागेत गळा फिरवला की ठेका गुदमरतो. शिवाय ज्याला गाता येत नाही त्यालाही हे गाणं आपल्याला येतं असं वाटतं, आणि ते खरंही असतं. २०२२ मध्ये 'अ‍ॅन अ‍ॅक्शन हीरो'साठी ते नव्यानं केलं. आयोजक "रिमिक्स वाजवा" म्हणून मागे लागतात, पण समोर बसलेली माणसं जुनंच मागतात. आयोजकांना माणसांपेक्षा स्पीकर जास्त कळतात.

परतताना गाडीत गायिका म्हणाली, "दादा, शिकलेलं बाजूला कसं ठेवायचं ते सांगा." मला सांगता येईना. तिनं तिथेच सरळ गाऊन बघितलं, तर नक्कल केल्यासारखं वाटलं. आमचा कीबोर्डवाला म्हणतो, कोरसमधल्या मुलीला द्या. मला ते पटत नाही. त्या बाईंनी काहीतरी वगळलं होतं असं नाही, त्यांच्याकडे वगळायला काही नव्हतंच. हिच्याकडे आहे, आणि म्हणून गाणं काढून घ्यायचं हा कुठला न्याय?

शनिवारच्या यादीत गाणं तिच्याच नावापुढे ठेवलंय. ट्रॅक बंदच ठेवणार, तिच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे तिला ऐकू यावं म्हणून लावलेल्या स्पीकरमध्ये, नुसती किक आणि हायहॅट चढवून देणार. बघू काय होतंय.