कुजलेले स्नेक प्लांट पुन्हा उभे करताना

स्नेक प्लांट कधी मरत नाही, असे रोपवाटिकेत हमखास सांगितले जाते आणि उन्हाळ्यापुरते ते बरोबरही आहे. ठाण्यासारख्या ठिकाणी मात्र जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कुंडीतली माती वाळायचे नाव घेत नाही, आणि हे झाड तहानेने नव्हे तर मुळाशी साचलेल्या ओलीने जाते. अशाच एका पावसाळ्यात शेजारच्या काकूंचे झाड माझ्याकडे आले. मुलाची बदली नागपूरला झाल्यामुळे त्या त्याच्याबरोबर निघाल्या होत्या. "तुझ्या गॅलरीत उजेड आहे, तुझ्याकडेच जगेल ते," एवढे म्हणून त्यांनी कुंडी माझ्या हवाली केली.

झाड मुळात देखणे होते. कमरेला लागतील इतकी उंच पाने, गडद हिरव्या रंगावर फिकट आडवे पट्टे आणि दोन्ही कडांना पिवळी किनार. रोपवाटिकेत या प्रकाराला लॉरेंटाय म्हणतात. परंतु बाहेरच्या बाजूची काही पाने एका अंगाला कलली होती, त्यांचा बुंधा पिवळट पडून बोटाने दाबल्यावर पिचपिचीत लागत होता आणि मातीला आंबूस वास येत होता. त्यांतले एक पान हलकेच धरून पाहिले, तर ते मुळे मागेच ठेवून अलगद हातात आले. अशा वेळी पाणी बंद करून वाट पाहण्यात अर्थ नसतो. कूज एकदा बुंध्यापर्यंत पोचली की कुंडी उलटी करून आत काय चालले आहे ते पाहावेच लागते.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. झाड प्लास्टिकच्या कुंडीत होते, ती कुंडी शोभेच्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवलेली होती आणि त्या भांड्याला भोकच नसल्याने तळाशी पाणी साचले होते. त्यात भर म्हणून कुंडीत जवळपास सगळे कोकोपीटच, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेले होते, जसे ते रोपवाटिकेतून येते. रोपवाटिकेच्या दृष्टीने त्यात सोय आहे, कारण कोकोपीट वजनाला हलके असते आणि रोप विकले जाईपर्यंत ओल धरून ठेवते. घरात मात्र तेच अंगाशी येते: वरचा थर कोरडा दिसतो, माणूस पाणी घालतो आणि खालचा गोळा तसाच भिजलेला राहतो.

या झाडाला इतके कमी पाणी कसे पुरते, हे समजले की पुढची बरीच निगा आपोआप ठरते. बहुतेक झाडे पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेताना पानांतले पाणी वाफ होऊन उडून जाते. स्नेक प्लांट ही छिद्रे मुख्यतः रात्री, गारव्यात उघडते, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा छिद्रे मिटून उजेडाच्या मदतीने त्याचे अन्न करते. पाणी उडतच नाही म्हटल्यावर मुळेही ते सावकाश ओढतात आणि माती दीर्घकाळ ओली राहते. याच गुणावरून 'हे झाड रात्री ऑक्सिजन सोडते' असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तो खरा नाही, कारण झाडात ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. हवा शुद्ध करण्याचा दावा १९८९ साली नासाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून आला. ते प्रयोग बंद पेटीत केलेले होते, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार घरात एरवी खेळणाऱ्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरमागे १० ते १००० झाडे लागतील. हे सांगायचे कारण असे की अशा दाव्यांवर विसंबून लोक हे झाड झोपायच्या खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, जसे काकूंनी पलंगाशेजारी ठेवले होते. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, आणि वाढ कमी म्हणजे पाण्याचा खपही कमी. अंधारात झाड तग धरते हे खरे, पण तिथे त्याची माती वाळत नाही.

कुंडी उलटी केल्यावर ओले कोकोपीट बोटांनी सोडवत गेले, तेव्हा जमिनीखालचे आडवे खोड, ज्याला आपण बोलताना कंदच म्हणतो, दिसू लागले. निरोगी भाग पिवळसर-नारिंगी आणि आल्यासारखा टणक होता. कुजलेला भाग तपकिरी, बुळबुळीत, आणि त्यावरची मुळे ओढताच साल निघून आत नुसता धागा उरत होता. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने मी कुजका भाग कापत गेले आणि कापलेल्या जागी तपकिरी डागाचा मागमूस राहिला नाही तेव्हाच थांबले. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसणे आवश्यक असते, नाहीतर कूज पुढच्या तुकड्यात जाते. निम्म्याहून अधिक कंद टाकून द्यावा लागला. उरलेल्या भागांना बुरशीनाशकाची पूड लावून ते वर्तमानपत्रावर, पंख्याखाली, जखमा कोरड्या खडखडीत होईपर्यंत उघडे ठेवले. ओल्या जखमेसह झाड लावले तर केलेली सगळी मेहनत वाया जाते, म्हणून या टप्प्यावर घाई अजिबात करू नये.

नव्या कुंडीसाठी मी मातीचीच कुंडी निवडली, कारण तिच्या अंगातूनही ओल बाहेर पडते. तिचा घेर मुळांच्या पसाऱ्यापेक्षा जेमतेम दोन बोटे मोठा ठेवला. मोठ्या कुंडीत मुळे पोचत नाहीत ती माती उगाच ओली राहते. मिश्रणात दोन भाग जाड वाळू आणि विटेचा चुरा, एक भाग बागेतली माती आणि एक भाग गांडूळखत घेतले. विटेचा चुरा चाळून त्यातली बारीक भुकटी काढून टाकली, कारण तीच खाली बसून चिखल करते. उंच पानांना धरून ठेवायला मुळेच उरली नव्हती, म्हणून बांबूच्या काड्या रोवून पाने सुतळीने सैल बांधली. त्यानंतर पहिला आठवडाभर पाण्याचा थेंबही दिला नाही आणि पुढेही पावसाळा सरेपर्यंत अगदी थोडेच दिले.

गळून आलेल्या पानांचा वरचा निरोगी भाग टाकवेना. त्याचे सुमारे ८ सेंटिमीटरचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याच्या खालच्या टोकाला छोटी खाच पाडली, कारण मुळे फक्त खालच्या टोकालाच फुटतात आणि तुकडा उलटा लावला तर तो नुसता उभा राहून वाळतो. दोन-तीन दिवस सुकवून ते वाळूत रोवले. मुळे धरायला महिन्याहून अधिक काळ गेला आणि बाजूने कोंब दिसायला पुढचा उन्हाळा उजाडला. ते सगळे कोंब हिरवे निघाले, एकालाही पिवळी किनार नव्हती. ती किनार पानातल्या पेशींच्या एका वेगळ्या थरामुळे येते आणि पानाच्या तुकड्यातून नव्याने घडणाऱ्या कोंबात थरांची ती मांडणी उतरत नाही. किनार टिकवायची असेल तर कंदाचा कोंबासह तुकडा वेगळा करणे हाच मार्ग आहे. मला स्वतःला ती साधी हिरवी रोपेही आवडतात. कमी उजेडात ती किनारीच्या झाडापेक्षा जोमाने वाढतात.

आता पाणी देण्याआधी मी लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसते. ती कोरडी बाहेर आली तरच पाणी, आणि तेही तळाच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर. ताटलीत जमलेले लगेच ओतून देते. उन्हाळ्यात ही वेळ साधारण दोन आठवड्यांनी येते, थंडीत महिन्याने आणि पावसाळ्यात काडी जे सांगेल तेव्हा. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचू देत नाही. पानांवर धूळ बसली की ओल्या फडक्याने पुसते. खत फक्त मार्च ते मे या काळात, तेही मूठभर गांडूळखत, एवढेच. पानांमध्ये सॅपोनिन असते आणि ते मांजर-कुत्र्यांना बाधते, त्यामुळे इमारतीतल्या मांजरांचा वावर पाहून लहान रोपे उंच फळीवर ठेवली आहेत.

काकूंना फोनवर सांगितले की कंदाचा एक तुकडा किनारीसह पाठवता येईल, पण नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि तेवढी थंडी या झाडाला सोसत नाही. तेव्हा त्या दिवसांत कुंडी गॅलरीतून आत घ्यावी लागेल. सध्या मूळ कुंडीत नवे कोंब कडेला येऊन टेकले आहेत. वाटणी एप्रिलमध्ये करणार आहे, कारण उष्णतेत मुळे लवकर धरतात आणि पाऊस सुरू होण्याआधी जखमा भरायला पुरेसा अवधी मिळतो.