शिगेचा हिशोब

परवा तपकीर गल्लीतून बाबांना एक टीबीची हार्ड डिस्क आणून दिली, फोटो ठेवायला म्हणून. जेवणं झाल्यावर लॅपटॉपला लावली तर विंडोज म्हणतं ९३१ जीबी. बाबा बँकेतून रिटायर झालेत, पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्री आठ-आठपर्यंत बसलेला माणूस. चष्मा वर करून म्हणाले, "उरलेले ६९ कुठायत?"

पावती शोधायला लागले. दुकान चारला उघडणार होतं, तेवढ्यात समजवायला मला दीड तास होता.

म्हटलं बाबा, कंपनीने दिलेत ते एक लाख कोटी बाईट, पूर्णच्या पूर्ण. फक्त कंपनीचा किलो १००० चा आणि विंडोजचा १०२४ चा. "का?" दहा वेळा दोन मांडून सगळे एकमेकांशी गुणले की १०२४ येतात, कॉम्प्युटरला तेच सोयीचं, हजाराच्या जवळ आहे म्हणून नाव किलोच ठेवलं. "म्हणजे नाव एक आणि माप दोन?"

आणि मला एकदम आजी आठवली.

आजीकडे पितळेचा शेर होता, काठाला एक पोचा आलेला. शेजारच्या काकू तांदूळ उसने न्यायला आल्या की आजी शेर भरायची आणि वर शीग लावायची, हळूहळू मुठीने सोडत, तांदळाचा छोटा डोंगर व्हायचा, मग एक दाणा जास्त पडला की एका बाजूने सगळं घसरायचं आणि फरशीवर सांडलेले दाणे वेचायचं काम माझं. काकू परत आणायच्या ते मात्र वरून तळहात फिरवून सपाट. आजी काही बोलायची नाही. नुसतं "हं."

तर विंडोज शीग लावून मोजतं. तेच तांदूळ शिगेच्या शेराने मोजले की शेर कमी भरतात, तांदूळ कुठे जात नाहीत. हे बाबांना लगेच पटलं! मग मी पुढे सांगितलं की दर पायरीला पुन्हा हजार किंवा १०२४ ने गुणायचं, म्हणून किलोला जेमतेम २.४ टक्के फरक, मेगाला पाचच्या आसपास, गिगाला सातच्या वर (म्हणून ९३१) आणि टेराला जवळजवळ दहा, तर म्हणाले, "अरे मग हे चक्रवाढ व्याज झालं." इतकी वर्षं हे वापरतोय, मला हे सुचलं नव्हतं.

खरं तर १९९८ मध्ये शिगेच्या मापांना वेगळी नावं देऊन झालीत, किबी, मेबी, गिबी, टेबी. पण दुकानात जाऊन एक टेबी द्या म्हणून बघा. टेबी हे मांजराचं नाव वाटतं. अॅपलवाल्यांनी २००९ पासून मॅकवर शीगच काढून टाकली, तिथे हीच डिस्क हजार दाखवते. आणि आमच्या कॉलेजातली ती १.४४ एमबीची फ्लॉपी, तिचा एमबी म्हणजे १०२४ गुणिले १०००, एकदा शीग आणि एकदा सपाट, असलं माप आजीनेसुद्धा चालवून घेतलं नसतं. बिट आणि बाईटचं मी मुद्दाम काढलंच नाही, घरच्या इंटरनेटच्या १०० एमबीपीएसचे (ते मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाईट) सेकंदाला साडेबाराच एमबी होतात हे कळलं असतं तर कस्टमर केअरवाल्याची दुपार गेली असती.

घरातले सगळे फोटो कॉपी झाले, भरले ३८ जीबी. कुठल्या मापाने ते कुणी विचारलं नाही. बाबांनी डिस्कच्या खोक्यावर पेनाने "९३१ (शिगेसह)" असं लिहिलं, तारीख घातली, पावती आत ठेवली.

मग बराच वेळाने म्हणाले, "आईचा तो शेर कुठाय रे?"

वाडा पाडायला दिला तेव्हा भांडी मोडीत काढली होती. पितळ होतं, किलोवर गेलं असणार.